हातापरीस पाय पाहा

टेनिसचा मोठा खेळाडू प्रत्यक्ष पाहायचा, तर आमच्याकडच्या माणसाला आधी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावापासून पुलगावपर्यंत एसटी, दुपारी पुलगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस, मग बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड करत दुसऱ्या दिवशी पहाटे पुणे आणि तेथून शहर बसने बालेवाडीचे क्रीडा संकुल, असा हा मार्ग आहे. मी एका खेड्यातल्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि या मार्गाने मुलांना घेऊन गेलो आहे. टेनिसपटूंच्या भेटीच्या ज्या आठवणी मी ऐकल्या आणि ज्या माझ्या वाट्याला आल्या, त्या येथे लिहितो आहे. अशी भेट घडते कशी, तिच्यासाठी तयारी कोणती करावी लागते आणि तिच्यातून हाती नेमके काय येते, हे आमच्या भागातल्या मुलांना सांगणारे फारसे कोणी नाही.

टेनिसची ओळख मला दूरदर्शनने करून दिली, पण त्या ओळखीचे वेड झाले ते 1996 च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा मी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचे शिक्षण घेत होतो. आमच्या वसतिगृहात मल्लखांब, कुस्ती, कबड्डी आणि खो-खो यांचीच चर्चा असायची. टेनिसची रॅकेट कोणाकडेही नव्हती. अटलांटा ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत 126 व्या स्थानावर असलेला आणि विशेष प्रवेश मिळवून उतरलेला लिअँडर पेस एकेक फेरी पार करत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे तो आंद्रे आगासीकडून हरला, पण कांस्यपदकाच्या सामन्यात मनगट दुखावलेले असताना आणि पहिला सेट हातचा गेलेला असताना त्याने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला 3-6, 6-2, 6-4 असे हरवले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर भारताला मिळालेले ते पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचे नाव आमच्या वसतिगृहात देवासारखे घेतले जाई, म्हणून ज्यांना टेनिसचे गुण कसे मोजतात हेही ठाऊक नव्हते, अशा पहिलवानांनीही त्या दिवशी पेढे वाटले. या माणसाला एकदा जवळून पाहायचे, हे मी तेव्हाच मनाशी ठरवले.

नोकरी लागली त्या शाळेत व्हॉलीबॉलचे एक मैदान आणि त्याच्या मागे पडीक जागा होती. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत लॉन टेनिस असते, पण आमच्या भागातून त्यात कोणी उतरत नसे. ग्रामपंचायतीने मुरूम टाकून दिला, पाण्याचा टँकर दिला, आणि मुलांनीच रोलर ओढून जागा सपाट केली. फक्कीने 23.77 मीटर लांब आणि 10.97 मीटर रुंद अशी चौकट आखली. व्हॉलीबॉलचे जुने नेट दुहेरी दुमडून मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंचीवर बांधले. पहिल्या रॅकेटी गावच्या सुताराने प्लायवूडच्या करून दिल्या आणि पुढे नागपूरच्या सीताबर्डीतून काही खऱ्या रॅकेटी आणल्या. चेंडूंची मात्र कधीच चणचण भासली नाही, कारण टेनिसचा चेंडू क्रिकेटच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात पोहोचलेला आहे. मुलांना त्या चेंडूचा मूळ खेळ दाखवायचा, एवढेच बाकी होते.

आमच्या गावात एक निवृत्त कृषी अधिकारी राहतात. सारा गाव त्यांना काकाजी म्हणतो. आमचे टेनिस सुरू झाल्यावर ते एका संध्याकाळी काठी टेकत मैदानावर आले आणि त्यांनी जी आठवण सांगितली, ती मी पुढे मुलांच्या प्रत्येक तुकडीला ऐकवली आहे. काकाजी 1974 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकत होते. त्या वर्षी डेव्हिस चषक या देशादेशांतल्या सांघिक टेनिस स्पर्धेच्या उपांत्य फेरीत भारताची सोव्हिएत संघाशी लढत पुण्यात झाली आणि भारताने ती जिंकली. अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिका होती. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने ती लढत खेळलीच नाही, त्यामुळे चषक समोर असूनही सोडून द्यावा लागला. हा इतिहास पुस्तकांतून मिळतो. काकाजींनी सांगितले ते पुस्तकात नाही. सामन्यांच्या आधी भारतीय संघातले विजय आणि आनंद अमृतराज हे भाऊ सराव करत असताना काकाजी आणि त्यांचे मित्र तास चुकवून तेथे जाऊन उभे राहिले होते. विजय अमृतराज तेव्हा अवघा 20 वर्षांचा आणि सहा फुटांहून चांगलाच उंच. एवढ्या उंच माणसाला गुडघ्याखाली आलेला चेंडू अवघड जायला हवा, असे या मुलांना वाटले होते. पण तो कमरेतून न वाकता गुडघ्यांत इतका खाली बसायचा की त्याचे डोळे जवळजवळ चेंडूच्या पातळीवर यायचे. सही घेतली का, असे मी विचारले, तेव्हा काकाजी म्हणाले, "सहीचा कागद तं त्याच पावसाळ्यात भिजून गेला, गुरुजी. पण थो बसे कसा, थे अजून डोयापुढं हाये. तुम्ही पोट्ट्याहिले घेऊन गेले तं सांगजा, हातापरीस पाय पाहा म्हणा."

बालेवाडीला जाण्याची संधी आली ती चेन्नईची एटीपी 250 दर्जाची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक टेनिस दौऱ्यातली, स्पर्धा 2018 पासून पुण्यात आली तेव्हा. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या टेनिस स्टेडियममध्ये ही स्पर्धा होऊ लागली. जानेवारी 2018 मध्ये जिल सिमोंने केव्हिन अँडरसनला हरवून तिथले पहिले विजेतेपद घेतले, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले आणि पुढच्या वर्षी जायचे असे ठरवून तयारीला लागलो.

तयारीतला सर्वांत कठीण भाग प्रवासाचा नव्हता, परवानगीचा होता. डिसेंबरअखेर म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस. मोठ्या मुलांचे हात घरच्यांना शेतात हवे असतात, आणि ही मागणी चुकीची आहे असे मी कधीही म्हणणार नाही. शाळेचे पत्र, मुख्याध्यापकांची सही, पालकांचे संमतिपत्र हे सगळे केले. तरी आठवीतल्या एका मुलीचे वडील तयार होईनात. ते कापसाच्या गाठोड्यावर बसून म्हणाले, "पोट्टीले एवढ्या लांब काहून न्यायचं, गुरुजी? टीव्हीवर दिसते ना थे समदं." मी त्यांना बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेची गोष्ट सांगितली. बार्शी काही मुंबई-पुणे नाही. तिथल्या या मुलीने 2014 च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाच्या जोडीने कांस्यपदक मिळवले आणि 2016 साली ती तिच्याच जोडीने रिओ ऑलिंपिकला खेळली. टीव्हीवर काय दिसत नाही, हेही मी सांगितले. कॅमेरा कोर्टाच्या मागून उंचावरून धरलेला असतो, त्यामुळे चेंडू नेटवरून किती उंचीने जातो, तो किती जोरात येतो आणि खेळाडू पाय कधी उचलतो, या तिन्ही गोष्टी पडद्यावर सपाट होतात. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी राहण्याची सोय काय, एवढेच विचारले. भोसरीच्या कारखान्यात कामाला असलेल्या गावच्याच एका भावाच्या दोन खोल्यांत आमची सोय झाली होती. आमच्या भागातली इतकी माणसे पिंपरी-चिंचवडला पोटासाठी गेली आहेत की पुण्यात विदर्भातल्या माणसाला पाठ टेकायला जागा मिळतेच.

बालेवाडीत पहिल्या दिवशी मुलांनी मुख्य स्टेडियमकडे धाव घेतली, तेव्हा मी त्यांना मागे वळवून सराव कोर्टांकडे नेले. हे मी मुद्दाम केले आणि तेच योग्य होते, असे माझे आजही मत आहे. सामना पाहताना आपण गुण मोजतो, बाजू घेतो, टाळ्या वाजवतो. खेळाडूकडे मात्र आपले लक्ष राहत नाही. सरावात गुण नसतात. तोच फटका तीसदा मारला जातो, चुकला की खेळाडू थांबतो, प्रशिक्षकाशी दोन शब्द बोलतो आणि पुन्हा मारतो. तारेच्या जाळीच्या अलीकडे उभे राहिले की त्याच्या श्वासाचा आणि बुटांच्या तळव्यांचा करकरता आवाज ऐकू येतो. स्पर्धेच्या पहिल्या दिवसांत तेथे गर्दीही नसते. शेवटच्या दोन दिवसांत पुण्यातले लोक मोठ्या संख्येने येतात आणि तोवर निम्म्याहून अधिक खेळाडू हरून पुढच्या गावी गेलेले असतात. म्हणून ज्याला खेळाडू भेटायला हवे आहेत, त्याने अंतिम सामन्याच्या तिकिटासाठी धडपडण्यापेक्षा आरंभीचे दिवस साधावेत.

त्या वर्षी तेथे आम्हांला इव्हो कार्लोविच दिसला. क्रोएशियाचा हा खेळाडू 2.11 मीटर उंच, वय 39. आमच्या वर्गाच्या दारातून त्याला वाकूनच आत यावे लागले असते, हे एका मुलाने लगेच मोजून टाकले. तो सर्व्हिसचा सराव करत होता. चेंडू वर फेकताना त्याच्या डाव्या हाताला कसलीही घाई नव्हती. हात सरळ वर जायचा, चेंडू जणू हवेत ठेवल्यासारखा सुटायचा आणि मग वरून खाली येणारा तो फटका पलीकडे टप्पा घेऊन मागच्या जाळीत उंचावर आदळायचा. जाळीच्या तारा थरथरायच्या. मुले आधी हसली, मग गप्प झाली. उंचीमुळे त्याला सोपे जाते, असे म्हणणाऱ्या मुलाला मी त्याचे पाय पाहायला सांगितले. फटका मारून झाल्यावर तो प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच डाव्या पायावर उतरत होता. 39 वर्षांच्या, एवढ्या अवजड शरीराने ते इतक्या वेळा करणे म्हणजे किती वर्षांची मेहनत असेल, याचा हिशोब मुलांनी आपापल्या परीने केला असावा. त्या स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोहोचला आणि केव्हिन अँडरसनने त्याला हरवले ते तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे 6-6 अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत, नेऊन. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या सर्व्हिसचा गेम एकदाही जिंकता आला नाही.

दुहेरीचे विजेतेपद त्या वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी घेतले. बोपण्णाचा सराव पाहताना मुलांच्या ध्यानात आलेली गोष्ट अगदी वेगळी होती. सराव संपल्यावर तो लगेच गेला नाही. रॅकेटच्या मुठीवरची जुनी पट्टी त्याने सोडली, नवी पट्टी खालून वर तिरक्या वळशांनी गुंडाळली, प्रत्येक वळसा अंगठ्याने दाबला आणि शेवटचे टोक चिकटपट्टीने बंद केले. मग रॅकेट हातात धरून दोनदा फिरवून पाहिली. आमच्या मुलांच्या मुठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या असायच्या आणि उन्हाळ्यात घामाने सरकायच्या. जाळीपाशी उभ्या असलेल्या मुलांनी ते गुंडाळणे डोळ्यांत साठवून घेतले, आणि गावी परतल्यावर सगळ्या रॅकेटींच्या मुठी त्याच पद्धतीने, तिरक्या वळशांनी, पुन्हा बांधल्या गेल्या. अशी शिकवण कोणत्याही शिबिरात मिळाली असती, असे कोणी म्हणेल. पण शिबिरात सांगितलेले मुले विसरतात आणि बोपण्णाने केलेले विसरत नाहीत.

2020 ची स्पर्धा फेब्रुवारीत होती. त्याच्या आधीच्या नाताळात लिअँडर पेसने 2020 हे आपले अखेरचे वर्ष असेल असे जाहीर केले होते, आणि त्याचे नाव बालेवाडीच्या यादीत आले. ज्या दिवसाची मी अमरावतीच्या वसतिगृहापासून वाट पाहत होतो, तो दिवस आता एक रात्रीच्या प्रवासाइतका जवळ आला. फेब्रुवारीत आमच्याकडे तुरीची मळणी आणि हरभऱ्याची कापणी असते, पण या वेळी परवानगीला अडचण पडली नाही. आठवीतली ती मुलगी आता नववीत होती. तिचे वडील स्वतः आम्हांला पुलगावपर्यंत सोडायला आले आणि त्यांनी प्रवासासाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी बरोबर दिली.

पेस 46 वर्षांचा होता आणि ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनच्या जोडीने खेळत होता. तो सराव कोर्टावर आला तेव्हा जाळीभोवती गर्दी जमली. या वेळी गर्दी असणार हे ठाऊक होते, म्हणून आम्ही खूप आधी येऊन कोर्टाच्या दाराजवळची जागा धरली होती. माझे डोळे सर्वांत आधी त्याच्या उजव्या मनगटाकडे गेले. अटलांटात दुखावलेले ते मनगट. त्याच्यावर आता घाम पुसण्याची पट्टी होती आणि ते इतर कोणाच्याही मनगटासारखेच दिसत होते. मग त्याने नेटजवळ उभे राहून व्हॉलीचा, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवण्याचा, सराव सुरू केला आणि मी मनगट विसरलो. समोरून चेंडूंमागून चेंडू येत होते, काही थेट अंगावर, काही पायांत. त्याची रॅकेट मागे जातच नव्हती. ती चेहऱ्यासमोर असायची, तेथूनच जरा पुढे जायची आणि चेंडू पलीकडे कोपऱ्यात जाऊन पडायचा. माझ्या शेजारी उभी असलेली ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, आई कापूस वेचते ना, तसा हात जाते त्याचा. बोंडापाशी जाते अन् घेऊन येते, मांगं जातच नाही." व्हॉली कशी मारावी हे मी इतकी वर्षे पुस्तकांतून शिकवत आलो होतो, त्या वाक्याइतके नेमके मला कधीही सांगता आले नव्हते, आणि पुढे मी ते तसेच सांगत आलो आहे.

काकाजींनी सांगितलेले पायांचेही आम्ही पाहिले. समोरचा खेळाडू चेंडू मारण्याच्या नेमक्या क्षणी पेस दोन्ही पायांवर एक बारीकशी उडी घ्यायचा, जमिनीपासून जेमतेम सुटणारी. त्या उडीतून उतरतानाच त्याला चेंडूची दिशा कळलेली असायची आणि पुढचे पाऊल त्या दिशेने पडलेले असायचे. मुलांनी ही उडी मोजायला घेतली. एकही फटका असा गेला नाही की ज्याच्या आधी ती उडी नव्हती. मी गावाकडे मुलांना "पाय हलवा" असे ओरडत असे आणि मुले धावत असत. पाय कधी हलवायचे हे त्यांना त्या दिवशी दिसले. 46 व्या वर्षी हा माणूस तरुणांच्या बरोबरीने उभा राहतो, त्याचे कारण त्याच्या हातांच्या चपळाईत आहे असे सगळे म्हणतात. मला ते त्याच्या पायांतही दिसले.

सराव संपल्यावर तो दाराकडे आला. गर्दी पुढे सरकली, मागून हात आले, भ्रमणध्वनी उंचावले गेले. सही मिळवण्याचा जो अनुभव मला आहे, तो येथे सांगतो. खेळाडूला आपल्यासाठी मिळणारा वेळ काही सेकंदांचा असतो, म्हणून मार्करचे टोपण आधीच काढून ठेवावे, चेंडूची गुळगुळीत बाजू वर करून हात जाळीच्या वरून पुढे करावा आणि हाक मारताना नाव स्पष्ट घ्यावे. सामन्याला निघालेल्या खेळाडूला थांबवू नये; सराव करून परतणाऱ्याला थांबवण्यात काही गैर नाही. लहान मुलांना पुढे ठेवावे, त्यात त्यांचाही फायदा आणि गर्दीत चेंगरण्याचा धोकाही कमी. छायाचित्रासाठी हट्ट धरू नये. सही करणारा माणूस निदान एक क्षण आपल्या चेंडूकडे आणि आपल्याकडे पाहतो. छायाचित्रात तो आपल्याकडे पाहतच नाही, फोनकडे पाहतो. पेसने आमच्या मुलांच्या चेंडूंवर सह्या केल्या आणि तो पुढे गेला. त्याच्याशी माझे बोलणे झाले नाही. अटलांटाचा सामना, वसतिगृहातले पेढे, हे सगळे सांगायचे मनात होते. पण दहा मुलांचे हात पुढे असताना शिक्षकाने मध्ये बोलणे मला योग्य वाटले नाही, आणि त्याची मला आजही खंत नाही.

त्या गडबडीत एब्डन पेसच्या मागून एकटाच चालत होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. नववीतल्या त्या मुलीने मात्र आपला चेंडू पेसपुढे न करता एब्डनपुढे केला आणि त्याने थांबून सही केली. इतर मुलांनी तिला परतीच्या गाडीत खूप चिडवले. ती म्हणाली की जोडीतल्या दुसऱ्यालाही खेळावे लागतेच. मला ते उत्तर फार आवडले, कारण दुहेरीचे सगळे मर्म त्यात होते. एब्डनने 2022 साली मॅक्स पर्सेलच्या जोडीने विम्बल्डनची दुहेरी जिंकली. जानेवारी 2024 मध्ये तो रोहन बोपण्णाच्या जोडीने ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता झाला, आणि त्याच स्पर्धेतल्या वाटचालीमुळे बोपण्णा 43 व्या वर्षी दुहेरीत जागतिक अव्वल स्थान गाठणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. आमच्या मुलांनी जाळीपलीकडून पाहिलेली ही दोन माणसे मेलबर्नला एकत्र चषक उचलत होती, तेव्हा ती मुलगी महाविद्यालयात होती. तिने तो चेंडू आईच्या पेटीतून बाहेर काढला आणि मला दाखवायला शाळेत आणला.

पेसची ती महाराष्ट्रातली अखेरची स्पर्धा ठरली. मार्चमध्ये त्याने झाग्रेबला डेव्हिस चषकात बोपण्णाच्या जोडीने क्रोएशियाविरुद्धचा दुहेरीचा सामना जिंकला आणि लगेच महामारीने सगळ्या जगाचे खेळ थांबवले. आमची शाळाही बंद झाली. त्या काळात मुले शेतात मोकळ्या जागी, नेट नसताना, नुसती ती बारीक उडी घेण्याचा सराव करत; एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने फेकणाऱ्याचा हात सुटताच उडी घ्यायची. शाळा सुरू झाली तेव्हा त्यांच्या व्हॉलीत पडलेला फरक कोणालाही दिसण्यासारखा होता. शालेय स्पर्धांत आमच्या मुलांनी शहरातल्या सिमेंटच्या कोर्टावर शिकलेल्या मुलांना दुहेरीत हरवले आहे. एकेरीत अजून जमत नाही, कारण मुरमावर चेंडू संथ येतो आणि सिमेंटवरच्या वेगाची सवय आमच्याकडे लागू शकत नाही. काकाजींना हा दुहेरीचा विजय सांगितला तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "पाय पाह्यले ना?"

एटीपी 250 दर्जाची ती स्पर्धा 2023 नंतर पुण्यात झाली नाही. भारतातली त्या दर्जाची ती एकमेव स्पर्धा होती आणि ती गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. विदर्भातल्या मुलाला एका रात्रीच्या प्रवासात अव्वल खेळाडू दाखवता येत असे, तो मार्ग बंद झाला. 2024 च्या फेब्रुवारीत बालेवाडीत चॅलेंजर दर्जाची स्पर्धा झाली, म्हणजे मोठ्या दौऱ्याच्या एक पायरी खालची. नावे अनोळखी होती, तरी मी मुलांना नेले. या वेळी प्रत्येकाला एक वही दिली आणि कोणत्याही एका खेळाडूची निवड करून त्याच्याविषयी लिहायला सांगितले. एका मुलाने मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो निवडला. मोनॅको कोठे आहे हे त्याला आधी नकाशात शोधावे लागले. वाशेरोने ती स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत पहिला सेट गमावून. मुलाच्या वहीत त्या सामन्याचे गुण नाहीत. सर्व्हिस घेताना वाशेरो कोठे उभा राहतो, हरलेल्या गुणानंतर तो टॉवेल घ्यायला जातो की नाही, दमल्यावर पाय जड पडतात का, हे आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये जागतिक क्रमवारीत 204 व्या स्थानावर असलेला हाच वाशेरो शांघायची मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखाल दर्जाची, स्पर्धा जिंकला. पात्रता फेरीतून येऊन, उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला आणि अंतिम फेरीत आपल्याच मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स स्पर्धा जिंकल्याचे त्याआधी कधीच घडले नव्हते. बातमी आली त्या दिवशी ती वही साऱ्या शाळेत फिरली.

आता पुढच्या फेरीसाठी मुले निवडण्याचे काम मी एकटा करत नाही. एब्डनची सही घेणारी ती मुलगी सुट्टीत गावी आली की लहान मुलांना शिकवते आणि बालेवाडीची तयारीही तीच करून घेते. तिचा नियम माझ्यापेक्षा कडक आहे. पहिल्या दिवशी वहीत फक्त पायांविषयी लिहायचे, दुसऱ्या दिवशी हातांविषयी, आणि मार्कर पिशवीतून काढायचा तो शेवटच्या दिवशी.